एकाच बाटलीतले तीन पेले

मी एक जुने पितळी तस्त आहे. तस्त म्हणजे थुंकण्याचे भांडे. मित्रांनो, एवढ्यावरच नाक मुरडू नका. माझ्यात जे थुंकले गेले ते फार महागाचे होते आणि थुंकणारे फार मानाचे होते. आता मी बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये एका फळीवर पडून आहे. अंगावर हिरवट डाग चढले आहेत, काठाला पोचा आला आहे. शेजारी काचा खळखळतात, नळ वाहतो, आणि कुणी माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून म्हटले, तुम्हाला तरी सांगावे.

भांडी घडवणाऱ्या एका कारागिराने मला फुटक्या हंड्याच्या पत्र्यातून ठोकून काढले. तोंड रुंद केले, गळा आवळून अरुंद केला, म्हणजे आत पडलेला थेंब उलटून कुणाच्या सदऱ्यावर उडू नये. बूड जड ठेवले. "कोपर लागलं तरी आडवं होणार नाही," असे त्याने गिऱ्हाइकाला सांगितले. गिऱ्हाईक म्हणजे द्राक्षमळेवाल्यांच्या संघाचा चिटणीस होता. त्याने माझ्यासारखी आणखी काही तस्ते घेतली आणि आम्हा सगळ्यांची रवानगी संघाच्या सभागृहात झाली.

त्या सभागृहात दरवर्षी वाइनची स्पर्धा भरे. उंच खिडक्या, टेबलांवर पांढरीशुभ्र कापडे आणि एवढी शांतता की कुणाचे पोट गुरगुरले तरी सगळ्यांना कळावे. अत्तर लावून आलेल्याला दारातूनच परत पाठवत. प्रत्येक परीक्षकापुढे पेल्यांची रांग असे. पेल्यावर नुसता क्रमांक, मळ्याचे नाव नाही. परीक्षक पेला उजेडात धरी, हुंगे, एक घोट तोंडात घोळवी आणि माझ्यात थुंकून देई. गिळत बसला असता तर दुपारपर्यंत त्याला स्वतःच्या हाताची बोटे मोजता आली नसती. मग तो कागदावर गुण लिही. त्या गुणांवर सोन्याचे किंवा कांस्याचे पदक ठरे, नाहीतर बाटली नापास होई. पदक मिळालेल्या मळ्यावर माणसांची रीघ लागे. नापास झालेल्याकडे पुढच्या वर्षी कुणी फिरकत नसे.

मला ठेवले होते मुख्य परीक्षकांच्या उजव्या कोपराशी. सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांनाही ते आवडे. उंच, किडकिडीत, कपड्यांना कडक इस्त्री. त्यांची थुंकण्याची धार सरळ आणि बारीक असे. एक थेंब कधी माझ्या काठाला लागला नाही. फेरी संपली की बाकीचे परीक्षक त्यांच्या तोंडाकडे बघत. नाकसाहेब आधी बोलत आणि मग बाकीच्यांना कंठ फुटे.

स्पर्धा उरकली की इतर तस्ते गोदामात जात. मला मात्र नाकसाहेब रुमालात गुंडाळून घरी नेत, चिंच लावून स्वतः घासत आणि बाहेरच्या खोलीत खिडकीत ठेवत.

"जगाची थुंकी घरात आणायची हौस कुठून आली तुम्हाला?" त्यांची बायको दरवर्षी विचारी.

"जगाची नाही गं. माझ्या एकट्याची आहे," ते म्हणत.

त्यांना एक मुलगी होती. लहानपणी ती माझ्या पोटात गोट्या टाकून खडखडाट करी. मोठी होऊन ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागली. तिचे लग्न झाले, तरी रोज संध्याकाळी ती आईवडिलांकडे चक्कर टाकून जाई. ते माझे सुखाचे दिवस होते. तेव्हा मला वाटे, सगळ्यांचेच असे असते.

मग एका वर्षी नाकसाहेबांना ताप आला. अंथरुणाला खिळवणारा, हाडे मोडून काढणारा ताप. त्यातून ते उठले, हिंडू-फिरू लागले, आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पुढे एके दिवशी सकाळी बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि चुलीवरचे दूध विसरली. दूध उतू गेले, आटले, पातेले करपले. धूर अजून बाहेरच्या खोलीत यायचा होता, पण वास केव्हाच आला असणार, कारण शेजारीण खिडकीशी येऊन हाका मारू लागली. नाकसाहेब माझ्याजवळ खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते.

बायको धावत खाली आली. "अहो, घर जळलं असतं! एवढं मोठं नाक, त्याला कळलं नाही?"

"लक्ष नव्हतं," ते म्हणाले आणि पान उलटले.

त्या दिवसापासून मी त्यांना चोरून काही ना काही हुंगताना बघू लागले. लिंबाची साल, साबणाची वडी, चपलांचे चामडे. नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे. एकदा त्यांनी कांदा चिरून नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आले, पण ते कांद्याचे होते की आणखी कशाचे, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी कुणाला काही सांगितले नाही. स्पर्धेचे दिवस आले, तसे त्यांनी कपडे इस्त्री केले आणि मला रुमालात गुंडाळले.

सभागृहात आता ते पेला बराच वेळ उजेडात धरू लागले. हुंगणे उरकून टाकीत. बाकीच्यांना त्यात वावगे काही दिसले नाही. मोठा माणूस, रंग बारकाईने बघतो आहे, एवढेच त्यांना वाटले.

त्याच वर्षी उतारावरच्या बाईंची वाइन आली. गावाबाहेर एका खडकाळ उतारावर त्यांचा मळा होता. नवरा गेल्यावर त्यांनी तो एकटीने सांभाळला होता. जुन्या वेली, द्राक्षे कमी, आणि वाइन रंगाने अगदी फिकी, पातळ चहासारखी. तरी आधी काही वर्षे तिला पदक मिळाले होते, आणि ते देताना नाकसाहेबच सर्वांत आधी बोलले होते. या खेपेला त्यांनी पेला पांढऱ्या कापडावर धरला आणि म्हणाले, "फारच फिकी आहे. हिला अंग नाही, दाटपणा नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाटली नापास झाली.

निकालानंतर बाई त्यांच्यापाशी आल्या. हातात पिशवी, पायांत धुळीने माखलेल्या वहाणा.

"साहेब, काय चुकलं तेवढं सांगा. पुढच्या वर्षी सुधारते."

नाकसाहेब म्हणाले, "रंग येत नाही तुमच्या वेलींना. दुसरी जात लावून बघा."

बाईंनी ते मनावर घेतले. जुन्या वेली मुळासकट उपटल्या आणि काळ्या द्राक्षांची रोपे लावली. खडकाने ती धरली नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी गेली, दुसऱ्यात उरलेली. मळा हातचा गेला. आता बाई संघाच्या शेडमध्ये बाटल्या धुतात, असे चिटणिसाने एकदा पान खाता खाता सहज सांगितले. नाकसाहेब तेव्हा माझ्यावर रुमाल फिरवत होते. त्यांचा हात थांबला.

पुढे एक भानगड झाली. एका मळेवाल्याने चावटपणा केला. एकच वाइन दोन वेगळ्या नावांनी स्पर्धेत पाठवली. त्या दोन वेगळ्या टेबलांवर, वेगळ्या परीक्षकांपुढे गेल्या; एका बाटलीला सोन्याचे पदक मिळाले आणि दुसरी नापास झाली. त्याने दोन्ही बाटल्या भर सभेत टेबलावर आपटल्या आणि तोंड सोडले. संघाची पार नाचक्की झाली. तेव्हा चिटणिसाने नाकसाहेबांच्या लेकीला बोलावून घेतले.

"बाई, तुमच्या शास्त्रात परीक्षकांची परीक्षा घेता येते का?"

"येते," ती म्हणाली. "पण सगळ्यांची घ्यावी लागेल. आणि निकाल जो येईल तो सगळ्यांनी ऐकायचा."

परीक्षकांमध्ये कुरबूर झाली. एकजण म्हणाला, आम्ही काय शाळकरी पोरं आहोत? नाकसाहेब उठून उभे राहिले. "करा परीक्षा. पहिलं नाव माझं लिहा." मग कुणाची बोलायची छाती झाली नाही. लेकीचा चेहरा अभिमानाने उजळला. मित्रांनो, ते का उठले हे तेव्हा तिला कळले नाही, आणि मलाही कळले नाही.

परीक्षा अशी होती. पेल्यांच्या रांगेत तिने एकाच बाटलीतली वाइन तीन पेल्यांत ओतली आणि तिन्हींवर वेगवेगळे क्रमांक चिकटवले. अशा कितीतरी बाटल्या, आणि परीक्षकांना त्याचा पत्ता नाही. सारखी वाइन तर गुणही सारखे पडायला हवेत, एवढीच अपेक्षा. ते तिन्ही घोट माझ्या पोटात आले. मला नाक नाही, जीभ नाही, त्यामुळे ते एकाच बाटलीतले आहेत हे मला ओळखता आले नाही. त्या दिवशी माझ्यात आणि माझ्या मालकात फारसा फरक नव्हता.

आकडेमोड तिने आईच्या घरी, माझ्या खिडकीखालच्या टेबलावर बसून केली. आई भाजी निवडत शेजारी बसली होती.

"काय गं शोधतेस एवढं?"

"आई, समज एका वजनकाट्यावर तोच भोपळा तीनदा ठेवला आणि काट्यानं तीनदा वेगळं वजन दाखवलं. दोष कुणाचा?"

"काट्याचा. भोपळा बिचारा काय करणार?"

"इथले काटे म्हणजे माणसं. वाइन वेगळी असल्यामुळे गुण किती बदलतात, आणि माणूस डळमळतो म्हणून किती बदलतात, हे वेगळं काढायचं. बघ, हे गृहस्थ. एकाच बाटलीला सोनं, मग कांस्य, मग नापास. हे दुसरे, तीच गत. जवळजवळ सगळेच असे आहेत."

"आणि आपले?" आईने दबकत विचारले.

लेक हसली. "बाबा? बाबांचे तिन्ही गुण दरवेळी जवळपास तेच. सगळ्यांत पक्का काटा बाबांचा आहे."

आईने भाजीची परात बाजूला ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. नाकसाहेब दारात उभे होते. त्यांनी सगळे ऐकले. मला वाटले, ते आता हसतील. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतले.

चिटणिसाला तर स्वर्ग दोन बोटे उरला. बाकीच्यांची फजिती कुणाला सांगायची नाही, पण आपले मुख्य परीक्षक शास्त्राच्या कसोटीला उतरले, हे गावभर सांगायचे, असे त्याने ठरवूनही टाकले. सत्काराची तारीख ठरली.

लेक मात्र समाधानी नव्हती. कागद आवरता आवरता ती थांबली. एवढे तंतोतंत कसे? तिने वडिलांचे सगळे गुण पुन्हा मांडले आणि शेजारी प्रत्येक वाइन किती गडद होती ते मांडले. मग कागदावर ठिपके देत गेली. ठिपके एका रेषेत उभे राहिले, शाळेतल्या मुलांसारखे. जेवढा रंग गडद, तेवढे गुण जास्त. वास नाही, चव नाही, दुसरे काहीच त्यात नव्हते. तिने खिडकीकडे तोंड फिरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तीन पेले घेऊन आली. पेल्यांना बाहेरून काळा रंग फासला होता. आत काय आहे ते दिसत नव्हते. तिने ते वडिलांपुढे ठेवले. आई देवाला गेली होती का बाजाराला, मला आठवत नाही. घरात हे दोघेच होते.

नाकसाहेबांनी एक पेला उचलला, उजेडाकडे नेला आणि हात खाली आणला. घोटही न घेता पेला परत ठेवला.

"काळे कशाला केलेस?"

"बाबा, तुम्हाला वास येत नाही ना?"

त्यांनी पेला दूर सरकवला.

"केव्हापासून?"

"त्या तापापासून."

"मग परीक्षेला हो कशाला म्हणालात? पहिलं नाव माझं लिहा म्हणालात!"

"स्वतःहून सांगायला जीभ रेटेना," ते म्हणाले. "म्हटलं, तू हुशार आहेस, तू पकडशील. सगळ्यांसमोर एकदा होऊन जाईल आणि सुटेन. तू तर मला पहिला नंबर दिलास."

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आणि उतारावरच्या बाई?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मित्रांनो, माझ्यात आयुष्यभर थुंकले गेले, पण त्या वेळी त्यांच्या घशातून जो आवाज आला, तसा ओंगळ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

लेक त्याच दिवशी चिटणिसाकडे गेली. काय झाले ते तिने परत येऊन वडिलांना सांगितले, म्हणून मला कळले. तिने म्हटले, माझा अहवाल अपुरा आहे. पुन्हा पुन्हा तेच सांगणारा माणूस बरोबर सांगतो असं नाही. बंद पडलेलं घड्याळही दर वेळी एकच वेळ दाखवतं. चिटणिसाने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाला, "बाई, तुमच्याच आकड्यांनी एक माणूस खरा निघाला. सगळी पदकं आता त्या एकावर उभी आहेत. तोही काढून घेतलात तर शंभर मळे उघडे पडतील. आणि मुलीनंच बापाला खोटं ठरवलं, हे बरं दिसेल का?"

"मग मीच सांगतो," नाकसाहेब म्हणाले. "सत्काराला सांगतो."

सत्काराच्या दिवशी सभागृह गच्च भरले होते. मला घासूनपुसून लखलखीत करून व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवले होते, माझ्या गळ्यात फीत बांधली होती. चिटणिसाने नाकसाहेबांच्या हातात ढाल दिली. टाळ्या थांबेपर्यंत ते उभे राहिले. मग त्यांनी स्पष्ट, मोठ्या आवाजात सांगितले, "मला वास येत नाही. कित्येक वर्षांपासून येत नाही. मी नुसता रंग बघून गुण देत होतो."

क्षणभर कुणालाच काही उमगले नाही. मग पुढच्या रांगेतला कुणीतरी हसला. त्याच्यामागचा हसला. बघता बघता सगळे सभागृह हसू लागले. "काय माणूस आहे!" चिटणीस ओरडला. "एवढा मान मिळाला, तरी स्वतःचीच थट्टा!" टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला.

"अहो, मी खरं सांगतोय," नाकसाहेब म्हणाले. त्याला आणखी मोठा हशा आला. लेक मागच्या रांगेत उभी राहून काही तरी सांगत होती. तिचे ओठ हलताना दिसले, आवाज कुणालाच ऐकू गेला नाही.

त्यांनी ढाल टेबलावर ठेवली, मला उचलले, आणि मागच्या दाराने बाहेर पडले. मागे अंगण होते, अंगणापलीकडे शेड. शेडमध्ये उतारावरच्या बाई हौदाशी बसून बाटल्या धूत होत्या. हातांची कातडी पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती.

नाकसाहेब त्यांच्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "तुमची वाइन मी नापास केली तेव्हा मला वास येत नव्हता. चवही कळत नव्हती. फिकी दिसली म्हणून नापास केली."

बाईंनी नळ बंद केला. इथे कुणी हसले नाही.

"म्हणजे ती चांगली होती?" त्यांनी विचारले.

नाकसाहेबांना खोटे बोलता आले असते. बाईंना तेवढाच दिलासा झाला असता. ते म्हणाले, "मला माहीत नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. बाकीच्यांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या."

बाई हातातल्या ओल्या बाटलीकडे बघत राहिल्या. "एक बाटली तरी ठेवायला हवी होती मी," त्या हळूच म्हणाल्या. "रागानं सगळी ओतून दिली."

"मला जे बोलायचं ते बोला," नाकसाहेब म्हणाले. "मी ऐकायलाच आलोय."

"काय बोलू साहेब? तुम्ही म्हणालात उपटा, मी उपटल्या." त्यांनी नळ पुन्हा सोडला. "ते भांडं तिथं फळीवर ठेवा आणि जा. मला अजून पुष्कळ बाटल्या धुवायच्यात."

त्यांनी मला या फळीवर ठेवले. जाताना एकदा माझ्या काठावरून अंगठा फिरवला. त्यानंतर ते सभागृहात आले नाहीत, आणि त्यांना न्यायला कुणी गेलेही नसावे. कारण त्यांची आता गरज नव्हती. त्यांचे नाव पुरत होते. पदकाच्या बाटल्यांवर त्यांच्या नावाखाली अजून छापतात, 'शास्त्राच्या कसोटीला उतरलेल्या परीक्षकाची निवड'. रिकाम्या होऊन त्या या शेडमध्ये येतात. उतारावरच्या बाई त्या गरम पाण्यात बुडवतात आणि नाकसाहेबांचे नाव नखाने खरवडून काढतात.

मित्रांनो, माझे तुमच्यापाशी एवढेच मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल. कुणी पेपर तपासाल, कुणी खेळाडू निवडाल, कुणी नुसतेच चार माणसांत बसून याला चांगले आणि त्याला वाईट म्हणाल. आपण दरवेळी तेच म्हणतो, म्हणून ते बरोबर असेल असे समजू नका. ज्या गोष्टीवर तुमची भिस्त आहे ती झाकून, डोळे मिटून, ज्याची पारख केलीत ते पुन्हा एकदा स्वतःपुढे ठेवून बघा. काही कळले नाही, तर 'कळले नाही' असे त्याच दिवशी सांगा. पुढच्या वर्षावर ढकलू नका. तुमचे ऐकून कुणीतरी कुदळ घेऊन वेली उपटायला निघालेले असते.